पंचवीस बाइटची चिप आणि सहा न्यायमूर्ती

सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनच्या गेमची सीडी उलटी करून पाहिली तर ती काळीकुट्ट दिसते. नक्कल होऊ नये म्हणून हा रंग दिलाय, असं तेव्हा पुष्कळांना वाटायचं. पण सीडी वाचणारा लेझर अवरक्त असतो आणि त्याला तो काळा रंग जवळजवळ दिसतच नाही. खरी युक्ती दुसऱ्याच जागी दडवलेली होती.

सीडीवरची माहिती एका सर्पिल वाटेवर कोरलेली असते. ही वाट उलगडून सरळ केली तर पाच किलोमीटरच्या वर भरते. सोनीने कारखान्यात सीडी छापतानाच या वाटेचा अगदी सुरुवातीचा भाग किंचित नागमोडी केला. लेझर वाटेवरून घसरू नये म्हणून ड्राइव्ह सतत स्वतःला डावीउजवीकडे सावरत असतो. त्या सावरण्यावर लक्ष ठेवलं की वाट कुठे कशी वळली हे कळतं. या वळणांच्या लयीत चार अक्षरं लिहिलेली होती. अमेरिकेत विकायच्या सीडीवर ‘एससीईए’, जपानच्या सीडीवर ‘एससीईआय’, युरोपच्या सीडीवर ‘एससीईई’. सुरू होताना प्लेस्टेशन आधी ही चार अक्षरं शोधायचं. सापडली आणि आपल्याच प्रदेशाची निघाली, तरच गेम चालू व्हायचा.

घरच्या कॉम्प्युटरवर सीडी ‘राइट’ करणाऱ्याला हे का जमायचं नाही? कारण कोऱ्या सीडीवर वाट आधीच छापलेली असते. राइटर त्या तयार वाटेवरून चालत फक्त खुणा उमटवत जातो, वाटेचा आकार बदलणं त्याच्या हातात नसतं. त्यामुळे नक्कल केलेल्या सीडीवर गेमचा एकूण एक बाइट अगदी बरोबर असायचा आणि तरीही ती सीडी खोटी ठरायची. मला ही कल्पना अजूनही थक्क करते. मजकूर जसाच्या तसा, पण ओळखीची खूण मजकुरात नाहीच. ती मजकूर ज्या वाटेवर लिहिलाय त्या वाटेच्या चालीत आहे.

आता या युक्तीवरचा उतारा पाहा. आठ पायांची एक स्वस्त चिप, पिक १२सी५०८. तिच्यात ५१२ सूचना मावतात आणि काम करायला तिच्याकडे २५ बाइटची स्मृती असते. या परिच्छेदातलं एक वाक्यही त्या स्मृतीत बसणार नाही. ही चिप सीडी वाचत नाही, कुठलं सांकेतिक कोडं सोडवत नाही. काही तारांनी प्लेस्टेशनच्या सर्किटवर डाखली, की जिथून वळणांतली अक्षरं यायची त्याच तारेवर ती चार अक्षरं आळवत बसते. यंत्राला वाटतं, सीडी अस्सल आहे.

ही एवढीशी चिप ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. सहा न्यायमूर्तींनी तिच्यावर डोकं खपवलं आणि ६ ऑक्टोबर २००५ रोजी एकमताने निकाल दिला. गेमच्या धंद्यातली एक बडी कंपनी हरली आणि सिडनीत या चिपा विकणारा माणूस जिंकला.

‘स्टीव्हन्स विरुद्ध सोनी’ हा तो खटला. त्यातला युक्तिवाद इतका देखणा आहे की इथे जरा थांबायलाच हवं. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यानुसार ‘तांत्रिक संरक्षण उपाय’ निकामी करणारं साधन विकणं बेकायदा होतं. पण असा उपाय म्हणजे काय, याची व्याख्याही कायद्यात होती: कॉपीराइटचं उल्लंघन होऊ न देणारी किंवा त्याला आडकाठी करणारी रचना. सोनी म्हणाली, आमची अक्षरं म्हणजे अशीच रचना. न्यायालयापुढचा प्रश्न साधा आणि अवघड होता. ही अक्षरं नेमकं अडवतात काय?

सीडीची नक्कल कोणीतरी घरी बसून, आदल्या दिवशी, कॉम्प्युटरवर केलेली असते. कॉपीराइटचा भंग झाला तो तिथे. प्लेस्टेशनचं कुलूप त्या वेळी हजरच नसतं. ते येतं नंतर, ती नक्कल कोणी यंत्रात घातल्यावर. थिएटरच्या दारावर तिकीट तपासणारा माणूस बनावट तिकीटवाल्याला आत सोडत नाही, पण तिकिटं छापणाऱ्या छापखान्याला तो थांबवू शकत नाही, तसंच हे. नक्कल करून उपयोग नाही म्हटल्यावर लोक नक्कल करणार नाहीत, हे खरं. पण तो झाला परावृत्त करण्याचा परिणाम. कायद्याने ‘अडवणं’ म्हटलं होतं आणि न्यायमूर्तींनी तो शब्द ताणायला नकार दिला.

सोनीच्या भात्यात दुसरा बाण होता. गेम खेळताना त्याचे तुकडे सीडीवरून यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, येतात. ती पण नक्कलच नाही का? मग कुलूप ती तर अडवतंच! इथे प्लेस्टेशनची घडण आड आली. सीडीवर साडेसहाशे मेगाबाइट, यंत्राची मुख्य स्मृती २ मेगाबाइट. एका वेळी गेमचा तीनशेवा हिस्साही तिथे मावत नाही, आणि तोही क्षणात पुसला जाऊन पुढचा तुकडा येतो. अशा क्षणभंगुर तुकड्याला ऑस्ट्रेलियाच्या तेव्हाच्या कायद्यानुसार संपूर्ण कृतीची किंवा तिच्या महत्त्वाच्या भागाची ‘भौतिक स्वरूपातली’ प्रत म्हणता येत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. प्लेस्टेशन ८ मेगाबाइटचं असतं तर? ६४ चं असतं तर? कागदावर कायद्याचा प्रश्न, पण उत्तर हार्डवेअरच्या तक्त्यात.

या खटल्याला आणखी एक पदर होता. चार अक्षरांत प्रदेशही लिहिलेला असल्यामुळे जपानमध्ये पूर्ण किंमत मोजून घेतलेली अस्सल सीडी सिडनीतल्या प्लेस्टेशनवर चालत नसे. तीही ते कुलूप नाकारायचं. म्हणजे कुलूप चोराला अडवत होतं तसंच गिऱ्हाइकालाही. ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा आणि ग्राहक आयोगाने खालच्या न्यायालयात नेमक्या याच मुद्द्यावर आपलं म्हणणं मांडलं होतं. निकालानंतर सव्वा वर्षाच्या आतच, अमेरिकेशी झालेल्या मुक्त व्यापार करारानुसार, ऑस्ट्रेलियाच्या संसदेने व्याख्याच बदलली. आता कृतीपर्यंत पोहोचणं नियंत्रित करणारं कुलूपही संरक्षित झालं. प्रदेशाचं कुलूप मात्र मुद्दाम बाहेर ठेवलं. सहा न्यायमूर्तींचं कष्टाचं काम एका दुरुस्तीने पुसलं गेलं, पण चोर आणि गिऱ्हाईक यांच्यातला भेद संसदेलाही डावलता आला नाही.

याच प्रश्नाला ब्रिटनमध्ये उलटं उत्तर मिळालं आणि ते ज्या वाटेने मिळालं ती वाट त्याहून गमतीची आहे. २००८ मध्ये चिपा बसवणाऱ्या एकाची शिक्षा इंग्लंडच्या अपील न्यायालयाने रद्द केली, कारण खेळताना नक्कल होते हा मुद्दा सरकारी पक्षाने नीट मांडलाच नव्हता. पुढच्या वर्षी ‘गिलहॅम’ खटल्यात त्यांनी तो मांडला. रॅममधल्या तुकड्यांवर बचाव पक्षाने ऑस्ट्रेलियासारखाच युक्तिवाद केला. न्यायालयाने नजर रॅमवरून उचलली आणि टीव्हीच्या पडद्यावर नेली. ‘टूम रेडर’ची लारा क्रॉफ्ट पडद्यावर धावते आहे. पॉझचं बटण दाबा. आता समोर लाराचं जे स्थिर चित्र उभं आहे, ते कोणीतरी काढलेल्या मूळ चित्राची प्रत नाही तर काय आहे? रॅममध्ये गेमचा किती हिस्सा आहे हा हिशेबच मग गैरलागू झाला. गेम म्हणजे एक अखंड प्रोग्राम न मानता हजारो चित्रांचा संच मानला, की प्रत्येक चित्र पूर्णच्या पूर्ण नकललं जातं. शिक्षा कायम राहिली. मला स्वतःला ऑस्ट्रेलियाचं वाचन जास्त प्रामाणिक वाटतं; पण पॉझच्या बटणाची ही चाल ज्याला सुचली त्याच्या बुद्धीला दाद द्यावीच लागते.

हे भांडण सीडीच्या आधीपासूनचं आहे. निन्टेन्डोच्या जुन्या आठ-बिट कन्सोलमध्ये ‘१०एनईएस’ नावाचा प्रोग्राम असलेली एक चिप असायची आणि तिची जोडीदार प्रत्येक अधिकृत कार्ट्रिजमध्ये. यंत्र सुरू झालं की दोघी एकाच चालीने आकड्यांची एकच मालिका मोजत राहायच्या. कार्ट्रिजमधली चिप चुकली किंवा नसलीच, की कन्सोलमधली चिप यंत्राला पुन्हा पुन्हा रीसेट करत राही. अटारी गेम्सच्या इंजिनिअरांनी चिप सोलून, सूक्ष्मदर्शकाखाली धरून ती मालिका काढायचा प्रयत्न केला, तो पुरता जमला नाही. मग १९८८ मध्ये कंपनीच्या वकिलांनी वॉशिंग्टनच्या कॉपीराइट कार्यालयात अर्ज केला: आमच्यावर खटला चालू आहे, बचावासाठी निन्टेन्डोने नोंदवलेल्या प्रोग्रामची प्रत द्या. असा खटला तेव्हा अस्तित्वातच नव्हता. प्रत मिळाली, कुलूप उघडलं आणि पुढे खराखुरा खटला उभा राहिला. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने जे म्हटलं ते दोन्ही बाजूंना टोचणारं होतं. दुसऱ्याचा प्रोग्राम उलगडून त्यातली कल्पना समजून घेणं योग्य वापरात बसू शकतं. पण खोटं बोलून मिळवलेली प्रत हातात घेऊन आलेल्याला तो बचाव मिळणार नाही.

त्याच वर्षी अमेरिकेत आणखी दोन निकाल लागले. सेगाच्या जेनेसिस कन्सोलच्या नव्या आवृत्तीत एक युक्ती होती. कार्ट्रिजमध्ये ठरावीक जागी ‘सेगा’ ही अक्षरं असली तरच गेम चालायचा, आणि ती सापडताच पडद्यावर झळकायचं की हा गेम सेगाने किंवा सेगाच्या परवान्याने बनवला आहे. अ‍ॅकोलेड या कंपनीने सेगाच्या गेमचे प्रोग्राम उलगडून ती अक्षरं शोधली आणि आपल्या कार्ट्रिजमध्ये घातली. आता अ‍ॅकोलेडचा गेम लावला तरी पडद्यावर सेगाचं नाव! सेगाने लगेच ट्रेडमार्कच्या भंगाचा दावा ठोकला. सापळा म्हणून रचना अफलातून होती. किल्ली म्हणून मालकाचं नावच वापरायचं, म्हणजे कुलूप उघडणारा आपोआप नावाची चोरी करतो. न्यायमूर्ती स्टीफन राइनहार्ट यांच्या खंडपीठाने तो सापळा सेगावरच उलटवला. तो खोटा संदेश दाखवतं सेगाचं यंत्र, सेगाच्या मर्जीने. गोंधळ सेगाने निर्माण केला, त्याचा जाब दुसऱ्याने का द्यावा?

तिसरा निकाल गेम जीनी या उपकरणाचा. कार्ट्रिज आणि कन्सोल यांच्या मध्ये बसणारं हे उपकरण. कन्सोलने कार्ट्रिजला विचारायचं, मारिओचे प्राण किती? कार्ट्रिज उत्तर देण्याआधी जीनीने मध्येच आपलं उत्तर पुढे करायचं. कार्ट्रिजमधलं काही बदलत नाही, वीज बंद केली की सगळं पूर्ववत. निन्टेन्डोचं म्हणणं, बदललेला खेळ ही आमच्या कृतीवरून बेतलेली नवी कृती आहे, तिला आमची परवानगी हवी. न्यायाधीश फर्न स्मिथ यांनी १९९१ मध्येच ते नाकारलं होतं आणि १९९२ मध्ये अपील न्यायालयाने तेच कायम केलं: पैसे देऊन विकत घेतलेला खेळ आपल्या घरी कसा खेळायचा हे घेणाऱ्याने ठरवावं. खटला चालू असताना गेम जीनीची विक्री बंद ठेवायला लावली होती, त्याची भरपाई म्हणून निन्टेन्डोला दीड कोटी डॉलर मोजावे लागले.

त्या वर्षाकडे पाहिलं तर वाटतं, खटपट्या माणसांचं राज्य आलं. सहाच वर्षांनी वारं फिरलं. १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने, त्याच्या कलम १२०१ ने, अमेरिकेत कुलूप तोडणं हाच स्वतंत्र अपराध केला. आत शिरून तुम्ही काही चोरलं की नाही हा प्रश्न मागे पडला.

या कायद्याची दहशत कशी होती, ते अँड्र्यू ‘बनी’ हुआंगच्या हकिकतीत दिसतं. हुआंग एमआयटीत डॉक्टरेट करत होता. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स २००१ च्या नोव्हेंबरात बाजारात आला. त्याचं सगळं गुपित एका चिपच्या पोटात कोरलेल्या ५१२ बाइटच्या प्रोग्राममध्ये होतं. चिप फोडून ते वाचणं अशक्यप्राय. पण हुआंगच्या लक्षात आलं की ते गुपित वापरण्यासाठी चिपला ते एका वेगवान तारमार्गावरून प्रोसेसरकडे पाठवावंच लागतं. तो मार्ग इतका वेगवान होता की त्यावर कोणी कान लावू शकेल असं रचणाऱ्यांना वाटलं नसावं. हुआंगने त्यासाठी स्वतः सर्किट बनवलं, त्या तारांवर डाखलं आणि वाहता मजकूर टिपला. शोधनिबंध तयार झाला. पण संस्थेने सुरुवातीला हात झटकले. पुढे त्याने या विषयावर ‘हॅकिंग द एक्सबॉक्स’ हे पुस्तक लिहिलं, तर प्रकाशकाने कायद्याच्या धास्तीने ऐनवेळी माघार घेतली. ते त्याला स्वतः छापून विकावं लागलं. मायक्रोसॉफ्टने त्याच्यावर खटला भरलाच नाही, हे विशेष.

हाच हुआंग डिसेंबर २०१० मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयात बचाव पक्षाचा तज्ज्ञ म्हणून उभा राहणार होता. आरोपी क्रिपेन नावाचा, एक्सबॉक्स ३६० च्या ड्राइव्हचा प्रोग्राम पैसे घेऊन बदलून देणारा विद्यार्थी. दोन आरोप आणि प्रत्येकी पाच वर्षांपर्यंत कैद. अशा फेरफारांवरचा, म्हणजे कन्सोल ‘मॉडिंग’वरचा, अमेरिकेतला हा पहिलाच फौजदारी खटला ज्युरीपुढे उभा राहिला आणि सरकारी पक्षाची पार वाट लागली. न्यायाधीश फिलिप गुटिएरेझ यांनी ज्युरी बाहेर असताना सरकारी वकिलांची भरपूर खरडपट्टी काढली. कारणांमधलं एक असं: सरकारचे दोन साक्षीदार स्वतःच कायद्याच्या कचाट्यात सापडण्याजोगे होते. एकाने आरोपीच्या घरात गुपचूप चित्रीकरण केलं होतं. दुसरा मायक्रोसॉफ्टचा कर्मचारी, आणि त्याने कॉलेजात असताना स्वतः कन्सोल मॉड केले होते! त्यात पहिल्या साक्षीदाराने साक्षीच्या पिंजऱ्यात आयत्या वेळी एक नवीच गोष्ट सांगितली, जी बचाव पक्षाला आधी कळवलेली नव्हती. तिसऱ्या दिवशी खटला मागे घेतला गेला. हुआंगला साक्ष द्यायची पाळीच आली नाही.

त्याच महिन्याच्या अखेरीस बर्लिनमध्ये काय घडलं, ते समजायला दहावीचं बीजगणित पुरतं. प्लेस्टेशन ३ कोणताही प्रोग्राम चालवण्याआधी त्यावर सोनीची गणिती सही आहे का, ते तपासतं. सही करायला सोनीकडे एक गुप्त संख्या असते, कायमची. शिवाय प्रत्येक सहीसाठी एक वेगळी, सोडतीसारखी निवडलेली संख्या घ्यायची, एकदा वापरायची आणि टाकून द्यायची. सही म्हणजे एक समीकरण, त्यात दोन अज्ञातं: कायमचं गुपित आणि त्या वेळची टाकाऊ संख्या. समीकरण एक, अज्ञातं दोन, तेव्हा उत्तर निघत नाही. दहा सह्या जमवल्या तर समीकरणं दहा, पण अज्ञातं अकरा, कारण प्रत्येक सही आपलं नवं अज्ञात बरोबर आणते. हजार जमवा, एक अज्ञात कायम पुढेच राहतं. सगळी सुरक्षितता त्या एकाच्या आघाडीत आहे.

‘फेलओव्हरफ्लो’ या गटाने तिथल्या हॅकर संमेलनात दाखवलं की सोनी ती टाकाऊ संख्या कधी टाकतच नव्हती. दर सहीला तीच. म्हणजे दोन सह्या घेतल्या की समीकरणं दोन, अज्ञातं दोन. इयत्ता दहावी, गणित भाग एक, प्रकरण पहिलं, ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’. आकडे अजस्र आणि अंकगणित घड्याळासारखं फिरून येणारं, पण रीत तीच. सोनीची कायमची गुप्त संख्या वजाबाकी-भागाकाराने बाहेर आली. कोट्यवधी घरांत पोहोचलेल्या यंत्राचं कुलूप एका न बदललेल्या आकड्यावर टांगलेलं होतं!

थोड्याच दिवसांत जॉर्ज हॉट्झ या हॅकरने प्लेस्टेशन ३ च्या आणखी आतली किल्ली, एक लांबलचक आकडा, आपल्या संकेतस्थळावर लिहून टाकला. ११ जानेवारी २०११ रोजी सोनीने त्याच्यावर आणि त्या गटावर दावा लावला. या भांडणाची मुळं वर्षभर मागे होती. प्लेस्टेशन ३ विकताना सोनी त्यावर लिनक्स चालवू देत असे. अमेरिकी हवाई दलाने तर १,७०० च्या आसपास प्लेस्टेशन जोडून त्यांचा महासंगणक उभारला. २०१० च्या सुरुवातीला हॉट्झने याच सोयीच्या वाटेने यंत्राच्या आत हात घातला आणि सोनीने १ एप्रिलला अपडेट सोडून ही सोयच काढून टाकली. पैसे देऊन घेतलेल्या यंत्रातून कंपनीने एक खोली परस्पर बंद केली. बर्लिनच्या गटाचं म्हणणं होतं की आम्हाला कुलपाकडे वळायला भाग पाडलं ते यानेच. मला हे पटतं. चार वर्षं या यंत्राचं कुलूप टिकलं याचं एक कारण नक्कीच हे असणार की ज्यांना ते तोडता आलं असतं त्यांना हवं ते आधीच मिळत होतं.

दाव्यात सोनीने न्यायालयाकडून अशी परवानगीही मिळवली की हॉट्झच्या संकेतस्थळावर कोण कोण येऊन गेलं याची नोंद तिला मागता यावी. आणि हे चालू असतानाच, सोनीच्या जाहिरातींत मिरवणाऱ्या एका काल्पनिक अधिकाऱ्याच्या ट्विटर खात्यावर कोणीतरी तो गुप्त आकडा पाठवला. खातं चालवणाऱ्याला तो कसला आकडा हे कळलं नाही. त्याने त्यावर विनोद करून तो जसाच्या तसा हजारो लोकांपुढे पुन्हा लिहिला. जो आकडा छापल्याबद्दल सोनी न्यायालयात गेली, तो सोनीनेच छापला. मार्चअखेर तडजोड झाली. आकडा प्रसिद्ध करणं हा अपराध आहे का, याचा निकाल त्यामुळे कोणी दिलाच नाही.

निन्टेन्डो स्विचचं कुलूप तर कागदाच्या पिनेने उघडलं. २०१८ च्या एप्रिलमध्ये जाहीर झालं की उजव्या बाजूच्या कंट्रोलरच्या खाचेतला एक संपर्कबिंदू पिनेने जोडला आणि बटणांची ठरावीक जोडी दाबून यंत्र सुरू केलं, तर ते दुरुस्तीच्या अवस्थेत जागं होतं. त्या अवस्थेत यूएसबीवरून येणाऱ्या माहितीची लांबी ते तपासत नाही. चूक एनव्हिडियाच्या प्रोसेसरमध्ये, कारखान्यातच कोरल्या गेलेल्या प्रोग्रामात होती. अपडेटने ती मिटणार नव्हती, आणि मार्चअखेर १ कोटी ७७ लाखांहून अधिक स्विच विकले गेले होते. या छिद्रावर साधनं विकून ‘टीम एक्झिक्युटर’ या गटाने धंदा उभारला. त्या गटातला गॅरी बाउझर हा कॅनडाचा नागरिक २०२० मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकात पकडला गेला. ४० महिन्यांची शिक्षा झाली, शिवाय फौजदारी आणि दिवाणी मिळून १ कोटी ४५ लाख डॉलरचा बोजा. तुरुंगातून सुटल्यावरही मिळकतीतला हिस्सा निन्टेन्डोला जातो. मारिओच्या खेळातल्या खलनायकाचं नाव बाउझर, आणि त्या वेळी निन्टेन्डोच्या अमेरिकी कंपनीचे अध्यक्षही आडनावाने बाउझरच. कादंबरीत असं लिहिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.

युरोपात मात्र न्यायालयं अजून ऑस्ट्रेलियातल्या त्या सहा जणांसारखा विचार करताना दिसतात. २०१४ मध्ये मिलानहून आलेल्या ‘निन्टेन्डो विरुद्ध पीसी बॉक्स’ प्रकरणात युरोपीय न्यायालय म्हणालं की कुलपाला संरक्षण आहे, पण ते प्रमाणात असावं. आणि ते तोडणारं साधन लोक प्रत्यक्षात कशासाठी वापरतात हेही पाहा. १७ ऑक्टोबर २०२४ चा सोनी विरुद्ध डेटेल हा निकाल तर थेट गेम जीनीचा नातू शोभावा. सोनीच्या पीएसपी या हातात धरून खेळायच्या कन्सोलवर मोटारशर्यतीचा एक खेळ होता. त्यात ‘टर्बो’ मोजूनमापून मिळायचा, डेटेल या कंपनीच्या साधनाने तो कधी संपायचाच नाही. साधन प्रोग्रामला हात लावत नव्हतं, प्रोग्रामने रॅममध्ये टिपून ठेवलेला टर्बोचा आकडा तेवढा बदलत होतं. कॉपीराइट कशाला असतो? प्रोग्रामच्या लिखाणाला. चालताना त्यातून जे आकडे उमटतात आणि पुसले जातात, ते लिखाण नव्हे, असं न्यायालयाने ठरवलं. तोवर पीएसपी बंद पडून दहा वर्षं लोटली होती.

अमेरिकेत दर तीन वर्षांनी कलम १२०१ ला अपवाद मागता येतात. कन्सोल दुरुस्त करणारे लोक वर्षानुवर्षं मागत होते, कारण अनेक कन्सोलमध्ये ड्राइव्ह त्याच्या मदरबोर्डशी सांकेतिक लग्न लावून दिलेला असतो. दुसरा ड्राइव्ह बसवला की यंत्र त्याला ओळख देत नाही. २०२१ मध्ये अपवाद मिळाला तो फक्त सीडी-डीव्हीडीचा ड्राइव्ह दुरुस्त करण्यापुरता, आणि दुरुस्ती झाली की कुलूप पुन्हा लावून द्यायच्या अटीवर. कुलूप तोडायचं साधन विकायला मात्र बंदी तशीच. ज्याला दुरुस्ती करायची त्याने साधन आपलं आपण घडवावं.

आपल्याकडे २०००च्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘चिप लावलेला’ पीएस-टू ही अगदी नेहमीची वस्तू होती, आणि तेव्हा या कुलपांबद्दल भारतीय कायद्यात शब्दही नव्हता. तो आला २०१२ मध्ये, कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५अ च्या रूपाने. अमेरिकेपेक्षा त्याची घडण बरीच वेगळी आहे. कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडलं तरच अपराध, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायद्याने मनाई न केलेल्या कामासाठी कुलूप तोडायला आडकाठी नाही. साधन बनवण्या-विकण्यावर सरसकट बंदीही नाही. फक्त त्यात एक परंतुक आहे, जे लिहिणाऱ्याने कधी लॅमिंग्टन रोडवर पाऊल टाकलं असेल असं वाटत नाही. अशा कामासाठी दुसऱ्याला कुलूप तोडून देणाऱ्याने त्या गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, ओळख पटण्यापुरता सगळा तपशील आणि कुलूप कशासाठी तोडून हवं होतं त्याचं कारण, या सगळ्याची पूर्ण नोंद ठेवायची आहे.